वर्तुळ ही अनंत बाजूंची बहुभुजाकृती आहे काय?

प्रश्न असा आहे: सुसम बहुभुजाकृतीच्या बाजू वाढवत नेल्या की ती उत्तरोत्तर वर्तुळासारखी दिसू लागते, मग वर्तुळालाच अनंत बाजूंची बहुभुजाकृती का म्हणू नये? आणि तसे म्हणणे चुकीचे असेल, तर वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकवताना त्याच्या बारीक पाकळ्या करून त्यांना त्रिकोण मानण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो? गणित शिकवण्याच्या व्यवसायात हा प्रश्न मी विद्यार्थ्यांकडून, पालकांकडून आणि कधी कधी शिक्षकांकडूनही ऐकत आलो आहे. त्याच्या पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देता येते. दुसऱ्या भागाला मात्र पुरेसा वेळ दिला पाहिजे, कारण खरे गणित तिथे आहे.

पहिल्या भागाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. शाळेत शिकवली जाते त्या प्रतलीय भूमितीत वर्तुळ ही बहुभुजाकृती नव्हे. सांत, म्हणजे अनंत नसलेल्या, संख्येचे रेषाखंड टोकाला टोक जोडून जी बंदिस्त आकृती तयार होते ती बहुभुजाकृती, आणि एका स्थिर बिंदूपासून समान अंतरावर असलेल्या प्रतलातील सर्व बिंदूंचा संच म्हणजे वर्तुळ. या दोन व्याख्या एकाच वेळी पूर्ण करणारी आकृती असूच शकत नाही, कारण वर्तुळावर एकही रेषाखंड मावत नाही. याची सिद्धता आठवीच्या विद्यार्थ्यालाही समजेल अशी आहे. कोणतीही एक रेषा घ्या आणि वर्तुळाच्या केंद्रातून तिच्यावर लंब टाका. लंबपादापासून रेषेवरून जसजसे दूर जावे, तसतसे केंद्रापासूनचे अंतर पायथागोरसच्या प्रमेयानुसार सतत वाढत जाते. त्यामुळे त्रिज्येइतक्या अंतरावरचा बिंदू लंबपादाच्या प्रत्येक बाजूला फार तर एक मिळेल, म्हणजे एका रेषेचे वर्तुळाशी सामाईक बिंदू दोनपेक्षा अधिक असू शकत नाहीत. रेषाखंड कितीही लहान घेतला तरी त्यावर असंख्य बिंदू असतात. तेव्हा वर्तुळाच्या बाजू फार बारीक आहेत म्हणून दिसत नाहीत, असा हा प्रकार नाही. वर्तुळाला बाजू मुळातच नाहीत.

यावर विद्यार्थी म्हणतो की, ‘सांत’ हा शब्द व्याख्येतून काढून टाका आणि अनंत बाजूंना परवानगी द्या, म्हणजे झाले. तसे करून पाहायला हरकत नाही, पण जे हाती लागते ते वर्तुळ नसते. १ एकक त्रिज्येच्या वर्तुळावर एका बिंदूपासून सुरुवात करून प्रथम १८० अंशांचा कंस तोडणारी जीवा काढा, मग तिच्या टोकापासून ९० अंशांची, मग ४५ अंशांची, मग साडेबावीस अंशांची, आणि असेच पुढे निम्मेनिम्मे करत चला. सगळ्या कंसांची बेरीज ३६० अंश होते, म्हणून या अनंत जीवा सुरुवातीच्या बिंदूपाशी येऊन भिडतात आणि आकृती बंद होते. तिला खरोखरच अनंत बाजू आहेत. तरीही तिची एक बाजू वर्तुळाचा व्यासच आहे, अर्धे वर्तुळ तिच्याबाहेर राहिले आहे, आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ ३.१४ असताना तिचे क्षेत्रफळ सुमारे १.२४ भरते. अनंत बाजू असणे आणि वर्तुळ असणे यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, हे दाखवायला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

बाजू अनंत असाव्यात आणि शिवाय सगळ्या समान असाव्यात, अशी अट घातली तर अडचण आणखी वाढते. प्रत्येक बाजूची लांबी शून्याहून मोठी असेल, तर अनंत समान बाजूंची एकूण लांबी कोणत्याही मर्यादेपलीकडे जाते आणि ती आकृती वर्तुळात बसत नाही. प्रत्येक बाजूची लांबी शून्य असेल, तर ती बाजू राहत नाही, बिंदू होते. तिसरा पर्याय वास्तव संख्यांमध्ये उपलब्ध नाही. याच ठिकाणी एक गंमत सांगण्यासारखी आहे. बाजूची लांबी १ एकक कायम ठेवून सुसम बहुभुजाकृतीच्या बाजूंची संख्या वाढवली, तर ६ बाजूंना परित्रिज्या, म्हणजे शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या, १ येते, ६० बाजूंना सुमारे ९.५५ आणि ६०० बाजूंना सुमारे ९५.५. आकृती वर्तुळाकडे न जाता पसरत जाते, आणि तिचा कोणताही ठरावीक तुकडा पाहिला तर तो सरळ रेषेकडे झुकत जातो. अनंत समान बाजूंच्या आकृतीला भूमितिज्ञ जे नाव देतात ते ‘एपिरोगॉन’, आणि युक्लिडीय प्रतलातील सुसम एपिरोगॉन म्हणजे समान अंतरावर शिरोबिंदू खुणावलेली सरळ रेषाच होय. म्हणजे ‘अनंत बाजूंची सुसम बहुभुजाकृती’ या वर्णनावर वर्तुळापेक्षा सरळ रेषेचा हक्क अधिक आहे.

मग बहुभुजाकृती वर्तुळाकडे जाते म्हणजे नेमके काय होते? ठरावीक वर्तुळात आंतरलिखित केलेल्या, म्हणजे सर्व शिरोबिंदू वर्तुळावर असलेल्या, सुसम बहुभुजाकृतींची एक अनंत मालिका आपल्यापुढे असते: ६ बाजूंची, १२ बाजूंची, २४ बाजूंची, ४८ बाजूंची. या मालिकेतील प्रत्येक आकृतीच्या बाजू सांत आहेत. वर्तुळ हे या मालिकेचे शेवटचे पद नाही, कारण मालिकेला शेवटचे पदच नाही. वर्तुळ ही तिची सीमा आहे, म्हणजे मालिकेतील आकृती जिच्या हव्या तितक्या जवळ जातात ती आकृती, आणि सीमा ही मालिकेची सभासद असावी लागत नाही. ३, ३.१, ३.१४, ३.१४१, ३.१४१५ या संख्या घ्या. यातील प्रत्येक संख्या परिमेय आहे आणि त्या ‘पाय’ या संख्येकडे जातात, पण म्हणून कोणी पायला ‘अनंत अंकी परिमेय संख्या’ म्हणत नाही. वर्तुळाच्या बाबतीत मात्र तीच चूक सर्रास होते, बहुधा ४८ बाजूंची आकृती कागदावर डोळ्यांना वर्तुळच वाटते म्हणून.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळू. मालिकेतील प्रत्येक आकृतीला असलेला एखादा गुण सीमेलाही असतो का? याचे उत्तर सरसकट देता येत नाही. प्रत्येक गुणासाठी ते वेगळे शोधावे लागते, आणि ‘वर्तुळ म्हणजे अनंत बाजूंची बहुभुजाकृती’ हे वाक्य घातक ठरते ते एवढ्यासाठी की, ते या शोधाची गरजच पुसून टाकते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण असे. १ एकक व्यासाच्या वर्तुळाभोवती १ एकक बाजूचा चौरस काढा. चौरसाची परिमिती ४. आता चौरसाचे चारही कोपरे आत दुमडा, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याच्या जागी पायरीसारखी खाच पडेल आणि खाचेचे टोक वर्तुळावर टेकेल. आडव्या आणि उभ्या तुकड्यांची एकूण लांबी बदललेली नाही, म्हणून परिमिती अजूनही ४ च आहे. नवे कोपरे पुन्हा दुमडा, आणि हे असेच चालू ठेवा. पायऱ्या बारीक होत जातात, आकृती वर्तुळाला हव्या तितक्या जवळून वेढते, आणि परिमिती प्रत्येक टप्प्यावर ४ राहते. मग वर्तुळाचा परीघ ४ आणि पाय बरोबर ४, असे म्हणावे काय? बहुभुजाकृती वर्तुळाशी ‘शेवटी एकरूप होते’ असे मानणाऱ्याकडे याला उत्तर नाही, कारण त्याच्या तर्काने येथेही अनंत बाजूंची बहुभुजाकृती वर्तुळ झालेली आहे. खरे उत्तर असे की, या पायऱ्यांच्या मालिकेत क्षेत्रफळ सीमेपर्यंत पोहोचते, परिमिती पोहोचत नाही. पायरीचा प्रत्येक तुकडा आडवा किंवा उभा आहे, आणि पायऱ्या कितीही बारीक झाल्या तरी त्यांची दिशा वर्तुळाच्या स्पर्शिकेच्या दिशेकडे वळत नाही. आंतरलिखित सुसम बहुभुजाकृतीच्या बाजू मात्र बाजूंची संख्या वाढेल तशा स्पर्शिकांच्या दिशेला लागतात, आणि म्हणून तिथे परिमितीही बरोबर येते. त्रिमितीत हीच अडचण अधिक फसवी होते. वृत्तचितीच्या पृष्ठावर शिरोबिंदू ठेवून काढलेले लहान लहान त्रिकोण पृष्ठाला सर्वत्र चिकटत जात असतानाही त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज पृष्ठफळाकडे न जाता वाटेल तितकी मोठी होऊ शकते, हे हर्मान श्वार्त्झ या जर्मन गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले.

तेव्हा आंतरलिखित बहुभुजाकृतीवरून वर्तुळाचे क्षेत्रफळ काढण्याचा अधिकार सिद्धतेतून यावा लागतो, आणि ती सिद्धता आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात दिलेली आहे. त्याचे विधान असे की, वर्तुळाचे क्षेत्रफळ हे काटकोन करणाऱ्या बाजू त्रिज्येइतकी व परिघाइतकी असलेल्या काटकोन त्रिकोणाच्या क्षेत्रफळाएवढे असते. समजा, वर्तुळ या त्रिकोणापेक्षा मोठे आहे. मग त्यांच्या क्षेत्रफळांत काही फरक असेल. वर्तुळात चौरस आंतरलिखित करा आणि बाजू दुप्पट करत चला. दर वेळी उरलेल्या भागाचा निम्म्याहून अधिक हिस्सा बहुभुजाकृतीत येतो, म्हणून सांत पायऱ्यांनंतर उरलेला भाग त्या फरकापेक्षा लहान होतो, आणि ती बहुभुजाकृती त्रिकोणापेक्षा मोठी ठरते. पण बहुभुजाकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे केंद्रापासून बाजूवर टाकलेला लंब गुणिले परिमिती, याच्या निम्मे. तो लंब त्रिज्येपेक्षा लहान आहे आणि परिमिती परिघापेक्षा लहान आहे, म्हणून ती त्रिकोणापेक्षा लहानच असली पाहिजे. ही विसंगती झाली. वर्तुळ त्रिकोणापेक्षा लहान आहे असे मानले, तर बाहेरून स्पर्श करणाऱ्या बहुभुजाकृती घेऊन तशीच विसंगती मिळते. म्हणून दोन्ही क्षेत्रफळे समान. या संपूर्ण सिद्धतेत अनंत बाजूंची आकृती एकदाही आलेली नाही. प्रत्येक बहुभुजाकृती सांत बाजूंची आहे आणि वर्तुळ हे शेवटपर्यंत वर्तुळच आहे. पुढे ९६ बाजूंच्या आकृतींवरून त्याने पायचे मूल्य ३ पूर्णांक १०/७१ आणि ३ पूर्णांक १/७ यांच्या दरम्यान बांधले. त्यातही त्याने ९६ बाजूंच्या आकृतीला वर्तुळ म्हटले नाही. एक आकृती आतून आणि एक बाहेरून ठेवून त्याने वर्तुळाला दोन्हींच्या मध्ये धरले, आणि पायऱ्यांच्या उदाहरणात हेच आतून धरणे नव्हते.

‘एकरूप होते’ असे मानणारेही ग्रीसमध्ये होते. आर्किमिडीजच्या आधी, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात, अँटिफोन नावाच्या विचारवंताने असे मांडले होते की, आंतरलिखित आकृतीच्या बाजू दुप्पट करत गेल्यास त्या अखेर इतक्या लहान होतील की आकृती वर्तुळाशी मिळून जाईल, आणि बहुभुजाकृतीचा चौरस करता येत असल्यामुळे वर्तुळाचाही चौरस करता येईल. ॲरिस्टॉटलने त्यावर जो शेरा मारला तो मला आजही नेमका वाटतो: याचे खंडन करणे हे भूमितिज्ञाचे कामच नाही, कारण हा युक्तिवाद भूमितीच्या मूलतत्त्वांवरून निघालेला नाही.

अँटिफोनच्या या तर्कात एक कसोटी दडलेली आहे आणि ती एकोणिसाव्या शतकात पूर्ण झाली. पट्टी आणि कंपास एवढीच साधने वापरून कोणत्याही बहुभुजाकृतीएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढता येतो. ही रचना युक्लिडमध्येच आहे. वर्तुळ ही बहुभुजाकृती असती तर त्याचाही चौरस काढता आला असता. १८८२ मध्ये फर्डिनांड लिंडमानने पाय ही बीजातीत संख्या आहे, म्हणजे पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचे ती मूळ नाही, हे सिद्ध केले आणि तो मार्ग कायमचा बंद झाला. याचा अर्थ आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार स्पष्ट आहे. त्रिज्या १ असलेल्या वर्तुळात काढलेल्या सुसम बहुभुजाकृतीच्या बाजू ६ असोत, ९६ असोत की दहा लाख असोत, तिची परिमिती नेहमी बैजिक संख्या, म्हणजे अशा एखाद्या समीकरणाचे मूळ, असते, आणि वर्तुळाचा परीघ तसा नसतो. दोन आकृतींच्या परिमितींमधला फरक दहाव्या दशांश स्थळापलीकडे गेला, तरी त्या दोन संख्या वेगवेगळ्या जातीच्याच राहतात. असेच समपरिमितीच्या प्रश्नातही होते. दिलेल्या परिमितीत सर्वाधिक क्षेत्रफळ वर्तुळालाच मिळते आणि कोणत्याही बहुभुजाकृतीला, तिच्या बाजू कितीही असल्या तरी, त्याहून काटेकोरपणे कमी मिळते.

उलट, काही गुण विनातक्रार पलीकडे जातात. बहिर्वक्र बहुभुजाकृतीच्या बाह्यकोनांची बेरीज बाजूंच्या संख्येवर अवलंबून नसते, ती नेहमी ३६० अंश असते. वर्तुळावरून एक फेरी मारणाऱ्याची दिशाही बरोबर ३६० अंशांतूनच फिरते. फरक एवढाच की, बहुभुजाकृतीत सगळे वळण शिरोबिंदूंवर गोळा झालेले असते आणि बाजूंवर काहीच नसते, तर वर्तुळात ते सर्वत्र सारखे पसरलेले असते. माझ्या मते बहुभुजाकृती आणि वर्तुळ यांच्यातील नात्याचे हे सर्वांत स्वच्छ वर्णन आहे, आणि ते शिकवताना ‘अनंत’ हा शब्द उच्चारावाही लागत नाही.

भारतीय परंपरेतही ही पद्धत जुनी आहे, आणि तिचा एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रातच आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त वर्तुळाचे क्षेत्रफळ ‘वृत्तक्षेत्रे परिधिगुणितव्यासपादः’ म्हणजे परीघ गुणिले व्यासाचा चतुर्थांश असे दिले आहे, आणि परीघ व व्यास यांचे सूक्ष्म गुणोत्तर ३९२७/१२५० असे सांगितले आहे. त्याच ग्रंथात १,२०,००० व्यासाच्या वर्तुळात काढलेल्या त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या सुसम आकृतींच्या बाजू दिल्या आहेत: त्रिकोणाची १,०३,९२३, चौरसाची ८४,८५३, षट्कोनाची अचूक ६०,०००. सप्तकोनाची ५२,०५५ ही बाजू मात्र आजच्या गणनेनुसार ५२,०६६ हवी; षट्कोनाप्रमाणे तिला सोपी रचना नाही. सूत्रग्रंथात कारणे दिलेली नसतात, ती टीकाकार देतो. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली आणि त्यात हे गुणोत्तर कसे मिळते ते सांगितले. षट्कोनापासून आरंभ करून बाजू दुप्पट करत १२, २४, ४८, ९६, १९२ आणि ३८४ पर्यंत जायचे. आज हिशेब केला तर ३८४ बाजूंच्या आकृतीची परिमिती आणि व्यास यांचे गुणोत्तर ३.१४१५६ येते, म्हणजे चार दशांश स्थळांपर्यंत ३.१४१६, आणि ३९२७/१२५० म्हणजेही ३.१४१६.

क्षेत्रफळाच्या सूत्राची गणेश दैवज्ञांनी दिलेली उपपत्ती आपल्या शाळांतील कृतीशी थेट जुळते. वर्तुळाचे दोन अर्ध करावेत, प्रत्येक अर्धाच्या सुईसारख्या टोकदार पाकळ्या पाडून परीघ सरळ होईल असे ते उलगडावेत, आणि एका अर्धाच्या टोकांमध्ये दुसऱ्याची टोके बसवावीत, म्हणजे अर्धा परीघ आणि त्रिज्या या बाजूंचा आयत मिळतो. वर्गात ही कृती करून घेताना एक गोष्ट मुलांच्या नजरेस आणून द्यावी. १६ पाकळ्या केल्या तर ‘आयता’ची वरची आणि खालची कड नागमोडी दिसते, ३२ केल्या तरी दिसते, आणि पाकळ्या कितीही केल्या तरी ती सरळ रेषा कधीच होत नाही. पाकळी म्हणजे त्रिकोण नव्हे. पाकळीत त्रिकोणापेक्षा जो कमानीसारखा तुकडा अधिक असतो, त्या सर्व तुकड्यांची बेरीज पाकळ्या वाढतील तशी शून्याकडे जाते, आणि म्हणून क्षेत्रफळाचे सूत्र बरोबर आहे. एक तुकडा शून्याकडे जातो हे सांगून थांबू नये, कारण तुकड्यांची संख्याही वाढत असते. बेरीजच शून्याकडे जाते हे सांगितले पाहिजे. पाकळ्यांची संख्या दुप्पट केली की ती बेरीज जवळपास एकचतुर्थांश होते, आणि हा हिशेब दहावीचा विद्यार्थी गणकयंत्रावर स्वतः करून पाहू शकतो.

न्यायाने बोलायचे तर, ‘अनंत बाजूंची बहुभुजाकृती’ ही भाषा केवळ शाळकरी अज्ञानातून आलेली नाही. केप्लरने १६१५ मध्ये वर्तुळ असंख्य सूक्ष्म त्रिकोणांचे बनलेले मानून क्षेत्रफळाचा विचार केला. फ्रेंच गणितज्ञ लोपिताल यांच्या १६९६ च्या कलनाच्या पाठ्यपुस्तकात वक्ररेषा ही अनंत संख्येच्या अनंतसूक्ष्म रेषाखंडांची बनलेली मानावी, हे गृहीतकच आहे. दुसऱ्या बाजूला १४४० मध्येच निकोलस ऑफ क्यूसा या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने बजावले होते की, बहुभुजाकृतीचे कोन कितीही वाढवले तरी ती वर्तुळ होत नाही. अनंतसूक्ष्म राशींची भाषा वापरणाऱ्यांना उत्तरे बहुतेक वेळा बरोबर मिळाली, पण ती का बरोबर येतात हे सांगता येत नव्हते. १९६० च्या दशकात अब्राहम रॉबिन्सन यांनी अनंतसूक्ष्म संख्यांचा तर्कशुद्ध पाया घातला, आणि तेथे अनंत मोठ्या पूर्णांकाइतक्या बाजू असलेली, प्रत्येक बाजू अनंतसूक्ष्म असलेली सुसम बहुभुजाकृती खरोखर अस्तित्वात असते. ‘मग आमचे म्हणणे खरे ठरले’ असे यावर कोणी म्हणेल, पण ते तसे ठरत नाही. त्या आकृतीच्याही प्रत्येक बाजूचा मध्य वर्तुळाच्या किंचित आत असतो. ते अंतर अनंतसूक्ष्म आहे, पण शून्य नाही. त्या बहुभुजाकृतीतील अनंतसूक्ष्म भाग गाळल्यावर जे उरते ते वर्तुळ होय. केप्लर आणि लोपिताल यांची पद्धत रॉबिन्सन यांनी सावरली, पण बहुभुजाकृती आणि वर्तुळ यांच्यातील भेद त्यांच्याही पद्धतीत जसाच्या तसा राहिला.

आतापर्यंत दिलेले ‘नाही’ हे उत्तर नेहमीच्या प्रतलापुरते आणि नेहमीच्या अंतरापुरते आहे, हे मी आरंभी मुद्दाम म्हटले होते. यांपैकी एक जरी बदलले तर उत्तर ‘होय’ असे येऊ शकते, आणि त्यासाठी अनंताची मदत घ्यावी लागत नाही. गोलाच्या पृष्ठावर सरळ रेषेचे काम बृहद्वर्तुळे करतात, म्हणजे ज्यांचे केंद्र गोलाचे केंद्रच आहे अशी वर्तुळे. विषुववृत्तावर ९० अंशांच्या अंतराने चार बिंदू खुणावले तर मिळणारी आकृती हा गोलीय भूमितीतला चौकोन आहे. त्याच्या चारही बाजू ‘सरळ’ आहेत आणि प्रत्येक कोन १८० अंशांचा आहे. गोलीय बहुभुजाकृतीच्या क्षेत्रफळाचे सूत्र लावले की कोनांची बेरीज ७२० अंश, त्यातून चौकोनाचे ३६० वजा जाऊन ३६० उरतात, आणि तेवढ्या कोनाधिक्याला बरोबर अर्ध्या गोलाचे पृष्ठफळ येते, जसे यायला हवे तसेच. अक्षवृत्तांना मात्र ही सवलत नाही, कारण विषुववृत्त सोडले तर कोणतेही अक्षवृत्त बृहद्वर्तुळ नसते.

दुसरा मार्ग अंतराची व्याख्या बदलण्याचा. ज्या शहरातले रस्ते फक्त पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण आहेत, तिथे दोन ठिकाणांमधले अंतर म्हणजे आडवे अंतर अधिक उभे अंतर. या अंतराने एका चौकापासून १ किलोमीटरवर असलेले सगळे बिंदू जोडले तर कर्णावर उभा असलेला चौरस मिळतो. व्याख्येने ते वर्तुळ आहे, आणि ती चार बाजूंची बहुभुजाकृतीही आहे. त्याचा परीघ त्याच मापाने ८ किलोमीटर आणि व्यास २ किलोमीटर भरतो, म्हणून तिथे पाय बरोबर ४. पोलिश गणितज्ञ स्टानिस्वाव गोवाँब यांनी १९३२ मध्ये सिद्ध केले की, प्रतलात अशा प्रकारे अंतर कसेही मोजले तरी पायचे मूल्य ३ आणि ४ यांच्या बाहेर जात नाही. ३ हे मूल्य येते ते ‘वर्तुळ’ सुसम षट्कोन असताना, किंवा त्याला एका दिशेने ताणून मिळणारा षट्कोन असताना.

व्यवहारात परिस्थिती उलटी आहे, तिथे बहुभुजाकृतीलाच वर्तुळ मानून काम चालवावे लागते आणि त्यात काही गैर नाही, मात्र बाजू किती आहेत हे ठाऊक असले पाहिजे. १०० मिलिमीटर त्रिज्येची चकती ३६ सरळ छेदांनी कापली, तर बाजूचा मध्य खऱ्या वर्तुळापासून ०.३८ मिलिमीटर आत राहतो, आणि ३६० छेदांनी कापली तर सुमारे ०.००४ मिलिमीटर. भौगोलिक माहितीसाठी वापरल्या जाणाऱ्या पोस्टजीआयएस या संगणकप्रणालीत एखाद्या बिंदूभोवती ठरावीक त्रिज्येचे क्षेत्र मागितले, तर ती वेगळी सूचना नसताना पाव वर्तुळाला ८ बाजू वापरते, म्हणजे प्रत्यक्षात ३२ बाजूंची आकृती देते. १० किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ ३१४.१६ चौरस किलोमीटर असते आणि या आकृतीचे ३१२.१४. सीमेलगतचे एखादे गाव आत धरायचे की बाहेर, हे ठरवताना हे दोन चौरस किलोमीटर कुठे गेले, याचा पत्ता नकाशा करणाऱ्याला असायला हवा.

राहता राहिला परीक्षेतला आणि प्रश्नमंजूषांमधला आवडता प्रश्न: वर्तुळाला बाजू किती? बाजू म्हणजे रेषाखंड असे धरले तर उत्तर शून्य. तुकडा सरळ असण्याची अट सोडली आणि सीमारेषेचा अखंड तुकडा म्हणजे बाजू मानली तर एक. आतली आणि बाहेरची अशा अर्थाने विचारले तर दोन, पण तो विनोद झाला. ‘अनंत’ या उत्तराला मात्र ‘बाजू’ या प्रश्नात आधार सापडत नाही. ‘कोपरे किती’ असे विचारले असते तर त्याला थोडा आधार आहे. बहिर्वक्र आकृतीतील जो बिंदू आकृतीतील कोणत्याही रेषाखंडाच्या आतल्या भागात येत नाही, त्याला उच्च गणितात टोकबिंदू म्हणतात. बहिर्वक्र बहुभुजाकृतीचे टोकबिंदू म्हणजे तिचे शिरोबिंदू, आणि वर्तुळाकार चकतीच्या सीमेवरचा प्रत्येक बिंदू टोकबिंदू असतो. या अर्थाने वर्तुळाला असंख्य कोपरे आणि शून्य बाजू आहेत. बहुभुजाकृतीत शिरोबिंदू आणि बाजू यांची संख्या नेहमी सारखी असते, हा साधा नियमही वर्तुळ पाळत नाही.

शिक्षकांपुरते सांगायचे तर, सहावी-सातवीच्या मुलाने ‘अनंत बाजू’ असे लिहिले तर मी गुण कापेन, पण त्याला निम्म्यानिम्म्या जीवांची वर दिलेली आकृती काढायला लावीन आणि ती वर्तुळ का नाही हे त्यालाच विचारीन. बारावीच्या विद्यार्थ्याने तेच लिहिले तर त्याला कोणत्या मालिकेची सीमा आणि परिमितीची की क्षेत्रफळाची, हे दोन प्रश्न विचारीन, आणि दोन्हींची उत्तरे आली तर पूर्ण गुण देईन.